दुसऱ्या अंकातला वॉल्ट्झ

रविवारी जेवणाआधी ओटोकार प्रिबिल आपल्या खोलीचं दार वीतभर उघडं ठेवत आणि नवी चाल वाजवत. एकदा वाजवत, जरा थांबत, मग पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा कधीच नाही. मग पियानोचं झाकण लावून, कोट चढवून, जणू काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं जेवायच्या टेबलाशी येऊन बसत.

त्या घराचा तो जुना रिवाज होता. चाल घरात कुणाच्या तोंडी बसली, संध्याकाळपर्यंत कुणी नकळत गुणगुणलं, तर ती ऑपेरेटात, त्यांच्या हलक्याफुलक्या संगीत नाटकात, जायची. नाही बसली, तर कागद शेगडीत. फक्त कुणाला विचारायचं नाही. विचारलं की माणूस विचार करून उत्तर देतो, आणि विचार करून आवडलेली चाल थिएटरच्या पायऱ्या उतरायच्या आत मरते, असं प्रिबिल म्हणायचे. व्हिएन्नात घोडागाडीवाल्यांपासून बिशपच्या स्वयंपाकिणीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असलेली त्यांची गाणी आधी त्यांच्या बायकोच्या, पोल्डीच्या तोंडून उत्तीर्ण झालेली होती. पोल्डी टेबलावर स्ट्रूडेलची कणीक ताणत गुणगुणायची आणि प्रिबिल नुसत्या मोज्यांवर दाराआड उभे राहून ऐकायचे. युद्ध संपता संपता जो ताप आला त्यात पोल्डी गेली. त्यानंतर त्या शेगडीनं पुष्कळ संगीत खाल्लं.

त्या ऑक्टोबरातल्या रविवारी हर्मीने नावाची त्यांची मुलगी नेहमीप्रमाणे जेवायला आली होती. ती मुलींच्या शाळेत साहित्य शिकवायची, गावाच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहायची, आणि खोलीत पुस्तकांनी खुर्च्याही व्यापल्या होत्या. काटे-चमचे मांडता मांडता तिनं चाल ऐकली. वॉल्ट्झच होता, पण घाईतला नव्हता. मधे एका ठिकाणी सूर आता उतरणार असं वाटायचं आणि तो उतरायचाच नाही, तिथंच थांबून राहायचा, एखादा माणूस जिन्यात हात कठड्यावर ठेवून थांबतो तसा. मग हळूच पुढे जायचा. हर्मीनेच्या हातातला चमचा तेवढा वेळ हवेतच राहिला.

दुसऱ्यांदा वाजलं. झाकण लागलं.

"सूप गार होतंय," तिनं हाक दिली.

"आलो, आलो. गार सूप आणि गार प्रेक्षक, दोन्ही माझ्या पोटाला चालत नाहीत." प्रिबिल आले, रुमाल गळ्यात खोचला, सुपातला लिव्हरचा गोळा चमच्यानं दाबून पाहिला. "झ्वेटलरबाई, आज गोळे मऊ आहेत. कुणावर प्रेम बसलंय का?"

"बसलं असतं तर मीठ जास्त पडलं असतं, साहेब," झ्वेटलरबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. पोल्डी गेल्यापासून घर त्याच सांभाळत. त्यांना एका कानानं कमी ऐकू यायचं आणि त्या गुणगुणायच्या ते फक्त मेरीमातेचं एक भजन.

"गोमांसालाही तेच भजन आणि माशालाही तेच," प्रिबिल हर्मीनेकडे वाकून हळूच म्हणाले. "निदान डुकराला तरी वेगळं गा म्हणावं."

हर्मीने हसली. तिखट मुळ्याचा किस सफरचंदात कालवलेला होता, तो तिनं वडिलांच्या ताटात वाढला. शाळेतल्या नव्या मुख्याध्यापिकेची गोष्ट सांगितली. ती सांगताना वडील ऐकताहेत हे तिला दिसत होतं, आणि ते दुसरंच काहीतरी ऐकायला बसलेत हेही दिसत होतं. मांस कापताना त्यांची सुरी मधेच थांबायची. ती पाणी ओतायला उठली तशी त्यांची मान किंचित तिच्या बाजूला कलली. उभं राहून काही काम करताना माणूस गुणगुणतो, बसून नाही, हे त्यांचं शास्त्र तिला पाठ होतं.

तिनं पाणी ओतलं आणि बसली.

ती पंधरा वर्षांची असताना एका सकाळी वेणी घालता घालता अशीच एक चाल तिच्या तोंडात आली होती. तेव्हा तिला कविता वाचून रडू यायचं. ती चाल तिला स्वतःच्या त्या रडण्यासारखी वाटली होती, आपली, कुणालाही न सांगण्यासारखी. दाराआड वडील होते. नाताळात थिएटरात पांढऱ्या तंग तुमानीतला एक जाडा नट बगलेत खोटं बदक धरून तीच चाल गायला. गावानं ती डोक्यावर घेतली. वर्गातल्या मुली मधल्या सुट्टीत तिच्याभोवती फेर धरून बदकासारख्या पंख हलवत गायच्या. घरी तिनं काही सांगितलं नाही. फक्त त्या दिवसापासून ह्या घरात तिचे ओठ मिटले ते मिटले. पुढे मोठेपणी राग कधीच विरून गेला, पण सवय राहिली. दार कशासाठी लावलं होतं हे विसरलं तरी ते लावलेलंच राहतं, तसं.

आलुबुखाऱ्याचे गोळे खाऊन दोघं फिरायला निघाली. बाजाराच्या कोपऱ्यावर चेस्टनट भाजणारी बाई होती. तिनं प्रिबिलना पाहताच हातातला झारा खाली ठेवला.

"मास्तर, देवाशपथ सांगते, तुमचा तो चांदण्यावरचा वॉल्ट्झ काल रेडिओवर लागला आणि आमचा म्हातारा उठून नाचला. संधिवातानं वाकलेला माणूस."

प्रिबिलनी टोपी काढली. "आजोबांना माझा नमस्कार सांगा. आणि गुडघा जपा म्हणावं."

चार पावलं पुढे गेल्यावर हर्मीने म्हणाली, "तो सांतायचा वॉल्ट्झ आहे, बाबा."

"माहीत आहे मला. मी तिथं होतो, तो लिहीत होता तेव्हा. पत्त्यांचा डाव हरत होता आणि लिहीत होता."

"मग सांगत का नाही कधी? सगळं गाव त्याबद्दल तुमचं कौतुक करतं आणि तुम्ही ते घेता."

"तिला आनंद झाला ना? तो मी परत तिच्या हातात कोंबू का, की हा घे, पत्ता चुकला?" त्यांनी भाजलेल्या चेस्टनटची पुडी तिच्यापुढे केली. "आणि सांतायलाही मिळतो की माझ्या वाटचा. मागं एका कर्नलनं त्याला माझ्या बदकाच्या गाण्याबद्दल मिठी मारली. बिचारा त्या दिवशी जेवला नाही."

बदक म्हटल्यावर ते एकदम पुडीत बघू लागले, आणि ती रस्त्याकडे.

ट्रामच्या थांब्यावर वारा होता. प्रिबिलनी कॉलर वर केली. ट्राम आली, हर्मीने चढली, खिडकीशी बसली. ते खाली उभे राहून वर बघत होते. त्यांनी काचेवर बोटानं टकटक केलं. तिनं खिडकी खाली ओढली.

"काही राहिलं का?" त्यांनी विचारलं.

"काय राहणार?"

"नाही, छत्री वगैरे."

"छत्री आणलीच नव्हती, बाबा."

"मग ठीक," ते म्हणाले. "मग काही नाही." आणि ट्राम हलली तशी त्यांनी चेस्टनटवालीला काढली होती तशीच टोपी काढली.

ट्राम चर्चला वळसा घालण्याआधीच ती चाल हर्मीनेच्या तोंडात आली. आली कधी हे तिला कळलं नाही. समोरची टोपलीवाली बाई तिच्याकडे बघून हसत मान डोलावायला लागली तेव्हा कळलं. हर्मीने गप्प झाली आणि बाहेर बघू लागली. पण खोलीवर कॉलर धुताना ती पुन्हा आली, दिवा लावताना पुन्हा. तो मधला थांबा आला की तिचा साबणाचा हातही थांबायचा. पुढच्या रविवारी, तिला वाटलं, पुढच्या रविवारी पाणी ओतताना बघू.

सोमवारी ती वर्गात असताना शिपाईणबाईंनी तिला बाहेर बोलावलं.

प्रिबिल नेहमीच्या कॅफेत, नेहमीच्या खिडकीजवळ, पत्ते हातात असतानाच वारले होते. समोर सांताय बसला होता. कॉर्नेल सांताय, बुडापेस्टहून तरुणपणी आलेला संगीतकार, गावाच्या मते त्यांचा हाडवैरी आणि खरं तर रोजचा पत्त्यांतला भिडू. हर्मीने पोचली तेव्हा तो कॅफेच्या मागच्या खोलीत तिच्या वडिलांच्या शेजारी बसून होता. त्यानं त्यांच्या छातीवर स्वतःचा कोट घातला होता.

"पत्ते चांगले आले होते त्याला," तो म्हणाला. "हसला. मला वाटलं, पत्त्यांनाच हसतोय."

घरी झ्वेटलरबाईंनी, मयताच्या घरात करतात तसे, आरसे झाकले होते आणि घड्याळ थांबवलं होतं. हर्मीने वडिलांच्या खोलीत गेली. ऑक्टोबर तसा उबदार होता, पण शेगडीच्या तोंडाशी राख होती.

"काल तुम्ही गेल्यावर पेटवायला लावली, हर्मीताई," झ्वेटलरबाई एप्रनला हात पुसत म्हणाल्या. "मी म्हटलं, साहेब, थंडी कुठाय? तर म्हणाले, झ्वेटलरबाई, यायची आहे."

हर्मीनेनं राखेकडे पाहिलं. बोट लावलं नाही.

अंत्यसंस्कार मात्र झोकात झाले. माणूस जगला कसा ह्यापेक्षा त्याला पोचवलं कसं, ह्यावर त्या गावात जास्त दिवस बोललं जातं, आणि प्रिबिलना गावानं कमी केलं नाही. काळे घोडे होते, तुरे होते, थिएटरच्या कोरसमधल्या बायका होत्या, नाकाला पावडर लावून रडणाऱ्या. "प्रिबिलमास्तरांनी एकाहत्तर नंबर धरली," लोक एकमेकांना सांगत होते. एकाहत्तर नंबरची ट्राम दफनभूमीला जाते, आणि त्या गावात कुणी मेलं असं फारसं कुणी म्हणत नाही, सगळे ट्राम धरतात. धर्मगुरूंनी चर्चमध्ये वॉल्ट्झ वाजवू दिला नव्हता, म्हणून थिएटरच्या वादकांनी तो कबरीपाशी वाजवायचं ठरवलं होतं. शवपेटी दोरांवर खाली गेली. वाद्यं ओठांना लागली. आणि संथ लयीत, शोकाला शोभेल असा, चांदण्यावरचा वॉल्ट्झ सुरू झाला.

कोरसमधल्या बायका हुंदके द्यायला लागल्या. एक म्हातारा म्हणाला, "काय माणूस होता. हे एक गाणं पुरे होतं त्याला." हर्मीनेनं मान वर केली. कबरीच्या पलीकडे सांताय टोपी हातात घेऊन उभा होता. गर्दीत फक्त त्या दोघांनाच कळलं होतं. त्याचा चेहरा हसावं की रडावं अशा जागी अडकला होता, आणि तो तसाच, स्वतःचं गाणं संपेपर्यंत, दुसऱ्याच्या कबरीपाशी मान खाली घालून उभा राहिला.

परतताना तो तिच्या बरोबरीनं चालू लागला.

"तुम्ही थांबवायचं होतं," हर्मीने म्हणाली.

"काय सांगून? माफ करा, रडू नका, हे माझं आहे?" त्यानं मिशीवरून हात फिरवला. "मी गेलो की बदकाचं वाजवतील. फिट्टंफाट." थोडं चालून तो म्हणाला, "शेवटचा डावसुद्धा त्यानंच मारला. माझ्याच पत्त्यांनी."

आठवडा गेला. थिएटरचे मॅनेजर लोविट घरी आले, काळी पट्टी बाहीवर बांधून. प्रिबिलांचा नवा ऑपेरेटा नाताळात लागायचा होता. सगळा लिहून झाला होता. फक्त दुसऱ्या अंकाच्या शेवटी, जिथं पोस्टमास्तर आणि विधवा अखेर एकमेकांच्या हातात हात देतात, तिथं कोरं पान होतं आणि वर प्रिबिलांच्या अक्षरात एवढंच, 'वॉल्ट्झ'.

"सांताय भरून देतो म्हणालाय," लोविट म्हणाले. "मैत्रीखातर. मास्तरांसारखंच लिहील, हर्मीनेबाई, कुणाला पत्ता लागणार नाही."

"नाहीच लागणार," हर्मीने म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सांताय आला. प्रिबिलांच्या खोलीत त्यानं पियानोवरचे कागद चाळले, बाकाखाली पाहिलं, खणात पाहिलं. तुटक्या पेन्सिली निघाल्या, पोल्डीची केसांची पिन निघाली. हर्मीने दाराशी उभी होती.

"काही मिळणार नाही," ती म्हणाली. "रविवारी संध्याकाळी त्यांनी जाळलं."

सांताय गुडघे धरून उठला. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"जाळलं? असं कसं जाळेल? शनिवारी कॅफेत मला म्हणाला, कॉर्नेल, सापडलं. पोल्डी गेल्यापासून असं सापडलं नव्हतं, म्हणाला. मी म्हटलं, वाजव. तर नाही. म्हणे, उद्या हर्मी जेवायला येतेय. मग कळेल."

"झ्वेटलरबाईही असतात घरी," हर्मीने म्हणाली. आपण काय बोलतोय हे तिलाच कळत नव्हतं.

"झ्वेटलरबाईंच्या कानाचं त्याला काय करायचं होतं, पोरी? दहा वर्षं तो दार कुणासाठी उघडं ठेवत होता असं तुला वाटलं?"

खाली गाडीच्या घोड्याच्या टापा वाजत गेल्या. हर्मीनेनं दाराकडे पाहिलं. आत येताना तिनं ते नकळत वीतभर उघडं ठेवलं होतं, ते ठेवायचे तसंच. इतकी वर्षं तिला वाटायचं, ते अख्ख्या घराला ऐकवतात आणि आपण त्या घरात अधूनमधून येणारी पाहुणी. चमचे मांडणारी.

सांताय बाकावर बसला. त्यानं आपला चष्मा पुसला, बोटं मोडली. "ठीक आहे. मग मीच काहीतरी. त्याच्या पद्धतीनं." तो वाजवू लागला. हात सराईत होते. वॉल्ट्झ गोड होता, गोलसर, नाताळात चालण्यासारखा. वरच्या सुरावर चढला आणि जिथं उतरायचं तिथं आज्ञाधारकपणे उतरला.

"असं नाही," हर्मीने म्हणाली.

सांतायचे हात थांबले. "मग कसं?"

तिनं आपल्याजवळची चाल पुढे केली नाही तर लोविट म्हणाले तसं खरोखरच कुणाला पत्ता लागणार नव्हता. गाव सांतायच्या वॉल्ट्झवर प्रिबिलांसाठी रडलंच होतं, आणखी एकदा रडेल. आणि ती चाल ट्रामच्या खिडकीशी एकदा, कॉलर धुताना एकदा, अशी तिच्याजवळ राहील आणि तिच्याबरोबर एकाहत्तर नंबर धरेल. पुढे केली तर मात्र सांतायला कळेल की ती तिला त्या रविवारपासूनच येत होती. सांतायचं काही नाही. तिला स्वतःला ते ऐकावं लागेल, ह्या खोलीत, तिच्याच तोंडून.

"हर्मी," सांताय अगदी हळू म्हणाला. तो तिच्या वडिलांचा शब्द होता, त्याचा नव्हे. "मी विचारत नाही. मला माहीत आहे, विचारायचं नसतं."

तो पुन्हा पियानोकडे वळला आणि तिच्याकडे पाठ करून बसला.

तिनं खोलीतल्या छोट्या टेबलावरची पाण्याची सुरई उचलली. पेला घेतला. उभं राहून पाणी ओतलं. आणि ओठ मिटलेलेच ठेवून तिनं गुणगुणायला सुरुवात केली. आवाज आधी कापरा होता, बऱ्याच वर्षांत न उघडलेल्या खणासारखा अडकत होता. मग निघाला. पेला भरला तरी ती थांबली नाही. सांतायची पेन्सिल कागदावर चालत होती, तो मागे वळून बघत नव्हता.

"इथं उतरतो?" त्यानं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"नाही. सगळ्यांना वाटतं आता उतरेल. तो थांबतो."

"किती?"

"जास्तच," ती म्हणाली. "समोरच्याला वाटावं, हा आता काहीतरी विचारणार."

सांतायनं पेन्सिल कानामागे खोचली, पुन्हा काढली. मग त्यानं लिहिलं. शेवटापर्यंत लिहून झाल्यावर एकदा वाजवून पाहिलं, हलक्या हातानं. तो थांबा आला तेव्हा त्यानं खांदा उचलून, मान एका बाजूला कलती करून वाट पाहिली, अगदी प्रिबिल करत तशी, आणि हर्मीनेनं भिंतीकडे तोंड केलं.

"मला जन्मात असं सुचलं नसतं," तो म्हणाला. कागद त्यानं घडी न घालता कोटाच्या आत ठेवला. "आणि हे कुणी माझं म्हणालं ना, तर ह्या वेळी मी टोपी काढणार नाही. भांडेन." दाराशी जाऊन त्यानं टोपी घातली, सवयीनं दार ओढून घ्यायला हात पुढे केला, आणि न ओढताच गेला.

झ्वेटलरबाई आत दूध तापवत आपलं भजन म्हणत होत्या. हर्मीने जेवायच्या टेबलाशी आली आणि रविवारच्या आपल्या खुर्चीवर बसली. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर वडिलांचा गळ्यात खोचायचा रुमाल अजून होता, एका टोकाला आलुबुखाऱ्याचा डाग होता. तो कुणी धुवायला नेला नव्हता. तिथून खोली दिसायची नाही, नुसती उघड्या दाराची फट दिसायची आणि पियानोचा कोपरा.

तिनं घसा साफ केला. मग शेजारच्या खोलीतल्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, ना मोठ्यानं ना हळू, ती म्हणाली,

"राहिलं होतं, बाबा. ट्राम वळायच्या आत मी ते गुणगुणत होते."